निरोपाचे वाणी

काका खिशात पासपोर्ट असल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. दूध आणायला निघाले तरी आधी कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवून बघायचे. अलीकडे आमच्यातले पुष्कळ जण कागदपत्रं जवळ बाळगायला लागलेत, पण काकांची सवय जुनी होती, आणि ते तर कधीचे अमेरिकेचे सिटिझन. मी एकदा विचारलं, तुम्हाला कसली भीती? तर म्हणाले, "भीती नाही गं. वाणी परवान्याशिवाय वेशीबाहेर पडत नाही, एवढंच की."

वाणी हा शब्द ते अभिमानाने वापरत. मूळचे सोलापूरचे लिंगायत वाणी. आजोबांचं भुसार मालाचं दुकान, घरात कानडी, शाळेत मराठी, रस्त्यावर दखनी आणि तेलुगू. स्वतः मात्र दुकानात न बसता ते इतिहास शिकले, अमेरिकेत आले आणि डेट्रॉइटजवळच्या एका लहानशा कॉलेजात मध्ययुगाचा इतिहास शिकवत राहिले. कायमची नोकरी त्यांना कधी मिळाली नाही. सेमिस्टर सुरू होताना कोर्स मिळाला तर शिकवायचं, नाही मिळाला तर घरी बसायचं. वर्गात बहुतेक नर्सिंगला जाणारी मुलं, एक इतिहासाचा विषय घ्यावाच लागतो म्हणून आलेली. काका त्यांना दक्षिणेतले घोड्यांचे व्यापारी शिकवत.

तो त्यांचा विषय होता. बहमनी सुलतान आणि विजयनगरचे राय पिढ्यान्‌पिढ्या कृष्णा-तुंगभद्रेच्या मधल्या पट्ट्यासाठी लढत होते. दोघांनाही घोडे लागत आणि चांगला घोडा दख्खनच्या हवेत निपजत नसे. तो समुद्रापलीकडून दाभोळला, चौलला, गोव्याला उतरायचा आणि व्यापारी तो घाट चढवून वर आणायचे. लढाई चालू असताना नदी ओलांडायची मुभा कोणाला असली तर यांना. त्यामुळे सोडवायचे कैदी, तहाची पहिली कुजबुज, मेलेल्या सरदाराची अंगठी, सगळं यांच्याच हाती जायचं. "आज या काठावर जेवायचं, उद्या त्या," काका सांगायचे, "आणि दोन्हीकडचे लोक पाठ वळली की म्हणणार, हेर आहे."

जवळच्याच ट्रॉय गावच्या मराठी मंडळात त्यांना घोडेवाले काका म्हणत. गणपतीच्या जेवणाला ते हातात ताट घेऊन उभे असले की लोक दुसऱ्या रांगेत जाऊन बसत. मीही पहिल्या वर्षी बसले होते.

त्यांची बायको वारली त्यानंतर त्यांनी वरची खोली भाड्याने द्यायची ठरवली आणि मी तिथे राहायला गेले. मी नागपूरची, एका ऑटो कंपनीत सॉफ्टवेअरचं काम, एच-वन व्हिसा. स्वयंपाकघर दोघांत एक. काका बोलायचे खूप आणि ऐकायला कोणी लागायचं असंही नाही. पण त्यांच्यात एक गोष्ट होती जी मंडळातल्या हसणाऱ्यांना ठाऊक नव्हती, आणि ज्यांना गरज होती त्यांना पक्की ठाऊक होती. काका दर शनिवारी नदी ओलांडत.

डेट्रॉइटच्या पलीकडच्या काठावर विंडसर, म्हणजे कॅनडा. मध्ये नदी, पूल आणि पाण्याखालचा बोगदा. काठावर उभं राहिलं तर पलीकडच्या गाड्यांचे दिवे दिसतात. पण आमच्यातल्या कितीतरी जणांना ते अंतर भारतापेक्षा लांब होतं. ज्यांच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय आणि मुदतवाढीच्या नुसत्या कागदावर इथे राहणं चालू आहे, त्यांनी बाहेर पाऊल टाकलं की परत यायची खात्री नाही. थोड्या दिवसांसाठी जाऊन येणं नियमात बसतं म्हणतात. वकील सांगायचे, नियम आहे, पण सध्या नियमाच्या भरवशावर पूल चढू नका.

अशा लोकांच्या वस्तू काका न्यायचे. कोणाची भाची तिकडे शिकायला, कोणाची सासू मुलाकडे अडकलेली. त्यांच्या अटी होत्या. बंद पिशवी घ्यायची नाही, सगळं टेबलावर उघडून दाखवायचं. ज्या घरातून न्यायचं तिथे एक घास खायचा, जिथे द्यायचं तिथेही एक घास खायचा, मग बोलायचं. आणि पुलावरच्या अधिकाऱ्याला न विचारता सगळं सांगायचं. शेंगदाण्याची चटणी, लहान मुलीचे बूट, बुद्धाची छोटी मूर्ती, तिळाचे लाडू. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या आणि काका अधिकाऱ्याला लाडवात काय काय असतं ते समजावत असायचे.

फोन असताना निरोप कशाला, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण फोनवर माणसं भांडतात, आणि घरात आलेल्या म्हाताऱ्यासमोर नीट बोलतात. काका निरोप ऐकताना डोळे मिटत. मग तो शब्दाला शब्द म्हणून दाखवत आणि तिकडे तसाच सांगत. आवाज सपाट, स्वतःचं काही मिसळायचं नाही. "निरोप जड झाला म्हणून वाटेत हलका करायचा नाही," असं ते म्हणायचे. "बदललेला निरोप एकदाच खपतो. मग तुझा घोडाही कोणी घेत नाही."

मंगेश आणि दीपाली या नवराबायकोची गाठ काकांशी मीच घालून दिली.

दीपाली माझ्या गावची. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात ओळख झाली आणि दोघी नागपूरच्या निघालो म्हणून घट्ट झाली. नागपूरला ती शाळेत गणित शिकवायची. इथे डिपेंडंट व्हिसावर नोकरीची परवानगी नाही म्हणून घरी बसून होती. मंगेश पुण्याचा, माझ्याच ऑफिसच्या इमारतीत कामाला. त्यांची मुलगी सान्वी इथेच जन्मलेली, पहिलीत जाणारी. दीपाली बहिणीच्या बाळंतपणासाठी सान्वीला घेऊन कॅनडात गेली. येताना व्हिसाचा शिक्का मारून घेऊ असा बेत होता. तिथल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली, पासपोर्ट ठेवून घेतला, जास्तीची तपासणी चालू आहे असं कळलं. मग काहीच कळलं नाही. बहिणीचं घर लहान. शेवटी मायलेकी विंडसरला एका ओळखीच्यांच्या तळघरात राहायला आल्या, नवऱ्याच्या त्यातल्या त्यात जवळ.

मंगेशचाही शिक्का संपलेला, त्यामुळे सुरुवातीला तो रविवारी नदीकाठी जायचा. तो या काठावर, त्या दोघी त्या काठावर, आणि फोनवर व्हिडिओ. सान्वी लाल जॅकेट हलवायची. तो म्हणायचा दिसतेस, पण त्या अंतरावरून दिसत काहीच नसे. हिवाळा लागला तसं ते थांबलं. मग फोनवर भांडणं सुरू झाली. ती म्हणायची नोकरी सोड आणि इकडे ये, कुठेतरी एकत्र राहू. तो म्हणायचा ग्रीन कार्डच्या रांगेतली इतकी वर्षं अशी पाण्यात टाकू? मग तेही थांबलं. घरातली बोलणी काकांच्या तोंडून व्हायला लागली.

एका शनिवारी काका संध्याकाळपर्यंत आले नाहीत. आले तेव्हा स्वयंपाकघरात कोट न काढताच बसले. परतीच्या वाटेवर अमेरिकेच्या बाजूच्या अधिकाऱ्यांनी त्यांना बाजूला घेतलं होतं. इतक्या वेळा का येता-जाता, कोण लोक आहेत हे, पलीकडून काय आणता. गाडीच्या सीट्ससुद्धा उचलून पाहिल्या. फोन घेतला. काकांनी त्या तरुण अधिकाऱ्याला खरं ते सांगितलं, की मी निरोप नेतो.

"मग?" मी विचारलं.

"कोणाचे, म्हणून विचारलं. मी म्हटलं, ज्यांना येता येत नाही त्यांचे."

मी कपाळावर हात मारला. काका, असं सांगतं का कोणी? त्यांना खरोखरच कळलं नाही यात चूक काय ते. त्यांनी म्हणे त्याला घोड्याच्या व्यापाऱ्यांचंही थोडं सांगितलं होतं, आणि त्याने ते सगळं टाइप करून घेतलं. काकांना त्यातल्या त्यात त्याचंच बरं वाटलं होतं, की कोणीतरी लिहून घेतलं.

पुढे प्रत्येक खेपेला त्यांना बाजूला घेऊ लागले. त्याच हिवाळ्यात कॉलेजने त्यांचा कोर्स काढून टाकला. पुरेशी मुलं नाहीत, असं ईमेलमध्ये होतं. काका ग्रंथालयातलं कपाट रिकामं करून आले आणि पुस्तकांचे खोके जेवणाच्या टेबलाखाली ठेवले. ते पुन्हा उघडलेले मी पाहिले नाहीत. घोडेवाल्यांवरचं त्यांचं पुस्तक किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. त्यावर बोलणंही कमी झालं. शनिवार तेवढा राहिला.

बर्फ वितळायला लागलं होतं तेव्हा मंगेश घरी आला. बारीक झाला होता. काकांनी नेहमीप्रमाणे पोह्यांची बशी पुढे केली, त्याने चमचा उचलला नाही. मी चहा टाकत होते, मला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "काका, तिला सांगा मी येणार नाही. तिने सान्वीला घेऊन नागपूरला जावं. मी माझ्याकडून खूप ट्राय केलं. आता मला नाही जमत."

काकांनी डोळे मिटून ऐकलं. मग सपाट आवाजात सगळं म्हणून दाखवलं. आपलेच शब्द कानावर पडले तसा मंगेश रडायला लागला. पण निरोप त्याने मागे घेतला नाही.

शनिवारी काका गेले, परत आले, आणि मी विचारलं तेव्हा सांगितला म्हणाले. त्यानंतर मंगेशने दुसरा निरोप दिला नाही.

दीपालीचा फोन मला मधूनमधून यायचा. एप्रिलमध्ये तिचा आवाज मला मोकळा वाटला. तिच्या जुन्या शाळेने तिला परत बोलावलं होतं, जूनपासून, कायमच्या जागेवर. तिने नकार कळवला होता. मी म्हटलं, अगं, कशाला नाही म्हणालीस? ती म्हणाली, काही दिवसांचाच तर प्रश्न आहे नं, मंगेश उन्हाळ्यात येतोय. मला वाटलं त्या दोघांचं काही ठरलं असेल. नवराबायकोतलं आपण किती विचारायचं म्हणून मी विचारलं नाही.

उन्हाळा आला. सान्वीने तळघराच्या खिडकीत रंगीत कागदाची फुलं चिकटवली होती, त्याचा फोटो दीपालीने मला पाठवला. मग जुलैत एके दिवशी तिने न राहवून मंगेशला सरळ फोन लावला आणि कधी निघतोयस म्हणून विचारलं.

त्या संध्याकाळी मंगेश काकांच्या दारात उभा होता. आत आला नाही. तो ओरडेल असं मला वाटलं होतं, पण तो हळूच बोलला. "काका, मी नाही म्हटलं होतं. तुम्ही तिला हो सांगितलंत?"

काका म्हणाले, "हो."

"काहून... का?" मीच मध्ये बोलले, नागपुरी तोंडात आलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे नाही. म्हणाले, त्या दिवशी दार सान्वीने उघडलं. आई आत होती. पोरीने बूट घातलेले होते, बाहेर जायचं असल्यासारखे, आणि तिने विचारलं, डिड ही से व्हेन? बाबा कधी येणार एवढंच तिला हवं होतं. "माझ्या तोंडून समर असं निघालं. मग मागून आई आली. तिने विचारलं, खरं? मी आतापर्यंत कोणाशी खोटं बोललो नव्हतो, त्यामुळे ते मागे कसं घ्यायचं ते मला येईना."

 मंगेश म्हणाला, तुम्हीच जाऊन आता खरं सांगा, माझ्यावर तिचा विश्वास बसत नाहीये. ती म्हणते काका असं बोलणार नाहीत, तूच आता फिरतोयस.

काका दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. तो शनिवार नव्हता. गाडीत कोणाची वस्तू नव्हती, त्यामुळे अधिकाऱ्याला दाखवायलाही काही नव्हतं. या खेपेला कॅनडाच्या बाजूने त्यांना अडवलं. येण्याचं कारण पटत नाही, असं म्हणाले, आणि पुलावरूनच गाडी वळवून परत पाठवलं. काका घरी येऊन खुर्चीत बसले. निरोप त्यांच्या तोंडातच होता. संध्याकाळपर्यंत मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

मग मीच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. काकांनी दीपालीला सगळं सांगितलं, मंगेशचे मार्चमधले शब्द जसेच्या तसे, आणि त्यांनी स्वतः काय सांगितलं तेही.  मग ती बोलली, रागावून नाही, थकून.

"काका, तुम्ही आलात ना, त्याच्या आदल्या दिवशी मंगेशचा मेसेज आला होता मला. येणार नाही म्हणून. मी बॅगा भरायला काढल्या होत्या. मग तुम्ही आलात आणि म्हणालात, येतो म्हणाला. मला वाटलं, एका दिवसात मन बदललं त्याचं. मी तो मेसेज पुसून टाकला." मग म्हणाली, "नवऱ्यावर नव्हता तेवढा तुमच्यावर विश्वास होता माझा."

काका माफी मागतील असं मला वाटलं.  तिने फोन ठेवला.

त्यानंतर गोष्टी भरभर होत गेल्या. दीपालीची कॅनडात राहायची मुदत वाढली नाही. ती सान्वीला घेऊन नागपूरला गेली, शाळेतली जागा केव्हाच भरली होती. मंगेशने दुसऱ्या राज्यात, फ्रिस्कोला, बदली मागून घेतली आणि ट्रॉय सोडलं. जाताना मला भेटला, काकांना नाही. मंडळात गोष्ट पसरली, आणि पसरताना बदलली. कोणी म्हणे काकांनी संसार मोडला, कोणी म्हणे बॉर्डरवाल्यांना नावं देऊन आले. वस्तू घेऊन येणारे यायचे बंद झाले. ज्यांच्या सासूला त्यांनी औषधं पोचवली होती ते दुकानात भेटले तर डाळींच्या रॅककडे वळायचे. काका कोणाला दोष देत नसत. देतील तर किती बरं, असं मला वाटायचं.

एकदा जेवताना, त्यांना जरा बोलतं करावं म्हणून, मी आपणहून विचारलं, की तुमच्या त्या घोडेवाल्यांचं शेवटी काय झालं? मारले का त्यांना दोघांपैकी कोणी?

"मारलं असतं तर कुठेतरी लिहून राहिलं असतं," काका म्हणाले. "गरज संपली. मग कोणी त्यांना काही विचारलं नाही." आणि भाकरीचा तुकडा ताटातच ठेवून ते उठले.

दुसऱ्या वर्षी मला हर्नडनला, दुसऱ्याच एका राज्यात, नोकरी मिळाली. दोन नोकऱ्यांच्या मधल्या दिवसांत नागपूरला जाऊन यायचं ठरवलं, शिक्क्याची भीती मनात धरूनच. निघायच्या आदल्या दिवशी मी काकांना म्हटलं, दीपालीला भेटणार आहे, तिला काही सांगायचंय का? ते खिडकीशी बसले होते. डोळे मिटले, तेव्हा मला वाटलं आता सांगतील. मी वाट पाहत उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली, नाही म्हणून. मग विचारलं, एअरपोर्टला कोण सोडतंय तुला?

दीपालीचं घर नागपुरात इंदोऱ्याकडे, आईवडिलांच्या वरच्या मजल्यावर. ती शिकवण्या घेते. मी गेले तेव्हा मुलं नुकतीच उठून गेली होती, जमिनीवर सतरंज्या तशाच होत्या. तिने केस कापले होते. आम्ही नोकरीचं बोललो, उन्हाचं बोललो, मंगेश दिवाळीला सान्वीशी व्हिडिओवर बोलला तेही तिने सांगितलं. ट्रॉयचं नाव दोघींनी काढलं नाही. मी उठायला लागले तेव्हा तिने सतरंजीची घडी घालत, माझ्याकडे न बघता विचारलं, "काका काही म्हणाले का?"

मी काहीही सांगू शकले असते. तुझी फार आठवण काढतात, रात्र रात्र झोपत नाहीत, माफी मागितली आहे. यातलं बरंचसं खरंही असेल. ती ऐकायला तयार होती, हे तिच्या हातातल्या थांबलेल्या घडीवरून दिसत होतं. आणि मी जे सांगेन त्यावर ती विश्वास ठेवील, तेही दिसत होतं.

"नाही," मी म्हटलं. "काही म्हणाले नाहीत."

तिने मान हलवली. घडी पुरी केली, कोपऱ्यात ठेवली आणि पुढची सतरंजी उचलली.